'खपली' : एका शब्दाची अर्थव्याप्ती आणि मराठी समीक्षेतील त्याचा वापर

प्रास्ताविक

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, शब्दाचे वर्तन मात्र वापरात सापडते. कोशकार एका शब्दाखाली त्याचे अर्थ क्रमाने नोंदवितो. परंतु तो शब्द कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या हेतूने उच्चारतो, हे सांगणे कोशाच्या कक्षेबाहेरचे काम असते. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857), दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (1932 ते 1938) आणि त्यांचाच 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' यांनी मराठी शब्दसंपत्तीची जी नोंद केली, तिचे ऋण प्रत्येक अभ्यासकावर आहे. पण जिथे कोश थांबतो तिथून समीक्षेचे काम सुरू होते.

प्रस्तुत लेखात 'खपली' हा एकच शब्द विचारासाठी घेतला आहे. हा शब्द वरवर साधा, घरगुती आणि काहीसा किळसवाणाही आहे. तरीही गेल्या काही दशकांत तो मराठी समीक्षेच्या परिभाषेत नकळत स्थिर झाला आहे. दलित, भटक्या-विमुक्त आणि स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी बोलताना 'जखमेवरची खपली काढणारे लेखन' हे विशेषण परीक्षणांत, प्रास्ताविकांत, व्याख्यानांत आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही वारंवार आढळते. ते बहुधा सहानुभूतीनेच वापरले जाते. प्रश्न असा आहे की, या रूपकाने लेखनाचे आकलन वाढते, की त्या लेखनाचा आशय हळूच बदलला जातो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम शब्दाचा मूळ व्यवहार, नंतर वाक्प्रयोगाचे व्याकरण आणि शेवटी साहित्यकृतींशी त्याचा असलेला संबंध अशा क्रमाने विचार केला आहे.

आवरणवाचक शब्दांचे कुल

पदार्थाच्या पृष्ठभागावर जमणाऱ्या थरासाठी मराठीत शब्दांची मोठी समृद्धी आहे आणि त्यांतील प्रत्येक शब्दाची जागा निश्चित आहे. दुधावर येते ती साय. तेच दूध आटताना भांड्याच्या तळाशी लागते ती खरवड. भाकरी फुगल्यावर जो पातळ वरचा पदर सुटतो तो पापुद्रा. सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बाईला पापुद्र्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ओल धरलेल्या भिंतीचा चुना फुगून सुटतो तो पोपडा. भुईमुगाचे ते टरफल, फळाची ती साल, धान्याचा तो कोंडा.

हे सर्व शब्द आपोआप तयार होणाऱ्या किंवा निसर्गतः असलेल्या आवरणांचे आहेत. दुसरा गट माणसाने हेतुपूर्वक चढविलेल्या आवरणांचा आहे : लेप, पुट, मुलामा, गिलावा, कल्हई. या दोन गटांतील भेद महत्त्वाचा आहे. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची झीज थांबविण्यासाठी जून 2020 मध्ये वज्रलेप करण्यात आला. लेप कोणीतरी ठरवून, काही जपण्यासाठी दिलेला असतो. त्याच मंदिराच्या गाभाऱ्याचे जतनकाम 2024 मध्ये झाले, तेव्हा नंतरच्या काळात चढविलेले चांदीचे आवरण उतरवून मूळ दगड मोकळा करण्यात आला. त्या कामाचे वर्णन करताना कोणी 'मंदिराची खपली काढली' असे म्हटले नाही आणि म्हणणारही नाही. कारण मुलामा उतरविला जातो, पोपडे खरवडले जातात, साय काढली जाते. 'खपली' मात्र जिवंत शरीराशीच बांधलेली आहे.

शब्दाचे नादसाम्य 'खापर', 'खापरी', 'कपची' यांसारख्या शब्दांशी आहे. त्यांपैकी 'खापर' हा संस्कृत 'खर्पर'-'कर्पर' या रूपांशी जोडला जातो. परंतु नादसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. म्हणून या लेखातील कोणताही निष्कर्ष त्या साम्यावर आधारलेला नाही. सोलापूर हे तीन भाषांचे नगर असल्याने येथे एक वेगळी नोंद करता येते. जखमेवरच्या याच थराला कन्नडमध्ये 'हक्कु' किंवा 'हक्कळे' आणि तेलुगूत 'पक्कु' म्हणतात. तेलुगूतील आरंभीच्या 'प'च्या जागी कन्नडमध्ये 'ह' येतो, हा या दोन भाषांतील परिचित ध्वनिसंबंध आहे. त्यामुळे ते दोन शब्द सख्खे आहेत आणि मराठीची 'खपली' त्यांच्यात शेजारीण म्हणून वावरते. एकाच गिरणीत आणि एकाच चाळीत राहिलेल्या माणसांनी एकाच प्रकारच्या दुखण्याला तीन नावे दिली, पण वस्तू तीच राहिली.

येथेच आणखी एका गोंधळापासून सावध राहावे लागते. 'खपणे' या क्रियापदाचे भूतकाळी स्त्रीलिंगी रूपही 'खपली' असेच होते. 'जन्मभर ती या घरासाठी खपली' या वाक्यातील 'खपली' हे क्रियापद आहे, नाम नव्हे. विकले जाणे, झिजणे, कष्टणे आणि 'खपवून घेणे' या प्रयोगातील सहन करणे, हा त्या क्रियापदाचा अर्थविस्तार आहे. दोन्ही शब्द केवळ उच्चाराने एक आहेत. त्यांच्या एकरूपतेवर कोटी करणे सोपे आहे. समीक्षेने तो मोह टाळावा.

जखमेवरची खपली

जखम झाल्यावर रक्त गोठते, रक्तातील तंतुमय प्रथिनांचे जाळे तयार होते, ते वाळून घट्ट होते आणि त्याचा तपकिरी, खरखरीत थर जखमेवर बसतो. या थराखाली नवी त्वचा कडेकडून आत सरकत वाढते. ती पूर्ण झाली की खपली आपली आपण सुटते. म्हणजे खपलीची तीन लक्षणे सांगता येतात : ती आतून येते, बाहेरून लावली जात नाही, ती तात्पुरती असते, आणि ती वेळेआधी ओढली तर रक्त येते. घराघरांत लहान मुलांना 'खपली काढू नकोस' असे सांगितले जाते ते या तिसऱ्या लक्षणामुळे.

देवीच्या साथींच्या काळात या शब्दाला फार गंभीर अर्थ होता. फोडांवर खपल्या धरणे हे रोगी वाचण्याचे चिन्ह मानले जाई. परंतु शेवटची खपली गळून पडेपर्यंत तो रोगी इतरांना संसर्ग देऊ शकत असे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले. त्यानंतरच्या पिढ्यांसाठी खपली म्हणजे खरचटलेला गुडघा एवढाच संदर्भ उरला. रूपक सौम्य झाले, त्याचे हे एक कारण असावे.

वैद्यकशास्त्राने मात्र खपलीकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की, कोरड्या खपलीखालील जखमेपेक्षा ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीमुळे नव्या पेशींना खोलवरून वाट काढावी लागते. आधुनिक मलमपट्टीची सारी दिशा त्यानंतर पालटली. शिवाय खपलीखाली पू साचला असेल तर ती खपली काढून जखम स्वच्छ करणे हेच उपचाराचे पहिले पाऊल असते, हे कोणताही शल्यचिकित्सक सांगेल. तात्पर्य, 'खपली आली म्हणजे जखम बरी होत आहे' हे लोकसमजातील समीकरण नेहमीच खरे नसते. खपलीखाली नवी त्वचा असू शकते, तसा पूही असू शकतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

वाक्प्रयोगाचे व्याकरण

आता वाक्प्रयोगाकडे वळू. 'खपली' या नामाबरोबर मराठीत प्रामुख्याने चार क्रियापदे येतात : खपली धरणे, खपली निघणे, खपली पडणे आणि खपली काढणे. पहिली तीन अकर्तृक स्वरूपाची आहेत; त्यांत घटना घडते, ती कोणी घडवीत नाही. 'खपली काढणे' या चौथ्या प्रयोगात मात्र कर्ता अनिवार्य आहे. कोणीतरी ती काढतो आणि म्हणून परिणामाची जबाबदारी त्याच्यावर येते.

'अमुक लेखकाने समाजाच्या जखमेवरची खपली काढली' हे वाक्य या दृष्टीने तपासून पाहावे. या वाक्यात कर्ता लेखक आहे, कर्म खपली आहे, आणि जखम हा षष्ठीच्या संबंधाने आलेला पूर्वस्थितीचा उल्लेख आहे. ज्याने जखम केली, त्याला या वाक्यात व्याकरणिक स्थानच नाही. रक्त आले ते लिहिणाऱ्याच्या बोटांमुळे, असा अर्थ वाक्यरचनेतूनच निष्पन्न होतो. याच्याशेजारी 'जखमेवर मीठ चोळणे' हा प्रयोग ठेवून पाहिला तर फरक स्पष्ट होतो. मीठ चोळणारा नेहमी परका असतो आणि त्याच्या कृतीला दोष दिलेला असतो. खपली काढणारा मात्र बहुधा जखम असलेला माणूस स्वतःच असतो आणि दोषही त्यालाच लागतो.

दुसरा मुद्दा काळाचा. खपली आहे म्हणजे जखम जुनी आहे, तिला काही दिवस उलटून गेले आहेत आणि ती भरण्याच्या मार्गावर आहे, हे गृहीत या शब्दातच दडलेले आहे. म्हणून 'खपली काढली' असे म्हणताच बोलणाऱ्याने तीन विधाने एकदम केलेली असतात : दुःख भूतकाळातील आहे, ते आपोआप शमत होते, आणि त्याचा उच्चार ही त्या शमण्यात आलेली बाधा आहे. यांपैकी एकही विधान त्याने उघडपणे मांडलेले नसते, म्हणून एकाचाही प्रतिवाद करता येत नाही. रूपकाची शक्ती आणि रूपकाचा धोका एकाच ठिकाणी असतो, तो असा.

दुःखाच्या वर्णनासाठी मराठीत आणखी एक रूपक प्रचलित आहे : अश्वत्थाम्याची भळभळती जखम. या जखमेला खपलीच नाही. ती काळाच्या पलीकडे वाहत राहते. त्यामुळे 'जुनी, भरत आलेली' हा आक्षेप येथे लागू पडत नाही आणि अनेकांना हे रूपक अधिक न्याय्य वाटते. परंतु अश्वत्थाम्याची जखम ही त्याने झोपेत असलेल्यांची हत्या केल्याबद्दल आणि गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल मिळालेली शिक्षा आहे. ज्यांनी कोणताही अपराध केला नाही, अशा माणसांच्या वेदनेला शापित अपराध्याच्या जखमेची उपमा देणे हे अधिकच अनुचित ठरते. एका रूपकात जखम करणारा अदृश्य होतो, तर दुसऱ्यात जखमीच अपराधी ठरतो.

आत्मकथने आणि समीक्षेची 'खपली'

दया पवार यांचे 'बलुतं' 1978 मध्ये प्रकाशित झाले. त्यानंतर प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980), उत्तम बंडू तुपे यांचे 'काट्यावरची पोटं' (1981), कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (1981), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (1984), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987), किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (1994) आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (2003) अशी ग्रंथांची मालिका मराठीत निर्माण झाली. या मालिकेतील लिंबाळे हे अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे आणि काळे हे करमाळा तालुक्यातील नेर्ल्याचे. म्हणजे दोघेही सोलापूर जिल्ह्याचे आहेत. या जिल्ह्यातील महाविद्यालयांत ही पुस्तके शिकविताना लेखक 'आपल्याकडचा' असतो आणि त्याचे गाव एस.टी.ने गाठता येण्याजोगे असते.

या लेखकांनी आपल्या पुस्तकांना दिलेली नावे हीच त्यांची पहिली समीक्षा आहे. 'बलुतं' हा गावगाड्यातील धान्याच्या वाट्याचा शब्द आहे. तो देण्या-घेण्याचा व्यवहार सांगतो. 'उपरा' हा स्थानाचा शब्द आहे. गावात राहूनही गावाचा नसलेला. 'अक्करमाशी' हा मापाचा शब्द आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. त्यात एक मासा कमी, म्हणजे समाजाच्या तराजूत उणा ठरलेला माणूस. दलित आई आणि पाटील घराण्यातील वडील यांच्या पोटी जन्मलेल्या निवेदकाला ज्या मापाने तोलले गेले, ते मापच शीर्षक झाले आहे. 'उचल्या' हा समाजाने आणि शासनाने मारलेला शिक्का आहे. 'कोल्हाट्याचं पोर' ही हेटाळणीची हाक आहे. 'आयदान' हा बांबूकामाचा, म्हणजे हातांच्या कौशल्याचा शब्द आहे.

व्यवहार, स्थान, माप, शिक्का, हाक, कारागिरी. या नावांत जखमेचे रूपक नाही. याला अपवाद सांगायचा तर 'काट्यावरची पोटं' आणि 'अंतःस्फोट' ही दोन शीर्षके देहाशी निगडित आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु पहिल्यात भूक आहे आणि दुसऱ्यात स्फोट; भरत आलेली आणि पुन्हा उघडलेली जखम दोन्हींत नाही. लेखक समाजाचा हिशेब मांडत असताना समीक्षक मात्र त्याच्या शरीराकडे पाहतो. 'तुझे देणे काय राहिले?' या प्रश्नाऐवजी 'तुला किती दुखले?' असा प्रश्न विचारतो. हिशेबाला उत्तर द्यावे लागते. दुखण्याला हळहळ पुरते. समीक्षेच्या परिभाषेत 'खपली' रुजल्यामुळे हा बदल झाला, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण हा बदल सुलभ करणाऱ्या शब्दांत 'खपली' अग्रभागी आहे, असे निश्चित म्हणता येईल.

येथे एक प्रतिपक्ष विचारात घेणे आवश्यक आहे. 'खपली काढू नका' असे म्हणणारे सगळेच सवर्ण किंवा सत्ताधारी नव्हते. 'बलुतं' प्रकाशित झाल्यानंतर शिकल्या-सवरलेल्या दलित वर्गातूनही नाराजीचा सूर उमटला होता. ज्या आयुष्यातून मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, ते चारचौघांत कशाला मांडायचे, हा त्यामागचा भाव होता. तो भाव खोटा नव्हता. नव्या त्वचेची काळजी ज्याची त्याला असते. परंतु येथेही भेद करावा लागतो. स्वतःची खपली जपण्याचा अधिकार जखमीला आहे. तो अधिकार दुसऱ्याने त्याच्या वतीने वापरणे वेगळे. 'मला ते पुन्हा आठवायचे नाही' हे विधान आणि 'तू ते पुन्हा आठवू नकोस' हे विधान, यांत शब्द जवळपास तेच असले तरी वक्ता बदलल्याने अर्थ उलटतो.

'उचल्या'च्या संदर्भात काळाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. सोलापुरात या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. कुंपण गेले, पण शहराच्या बोलण्यात त्या भागाचे 'सेटलमेंट' हे नाव आजही टिकून आहे. पुढे सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून जुना संशय नव्या रूपात चालू राहिला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावलींतील जातीवर आधारित भेदभावाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. त्या निकालात विमुक्त जमातींकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदींचाही विचार झाला आहे. ज्या अन्यायाची दखल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला 2024 मध्ये घ्यावी लागते, त्याच्याविषयी 1987 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाला 'जुन्या जखमेवरची खपली' कसे म्हणता येईल? जखम जुनी झाल्याशिवाय खपली येत नाही. आणि जखम होणे थांबल्याशिवाय ती जुनी होत नाही.

स्मरण कोणाचे, खपली कोणाची?

'खपली' या शब्दाचा वापर निवडक असतो, हे दाखविणारे उदाहरण याच शहरात आहे. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा कारागृहात ती अंमलात आली. दरवर्षी 12 जानेवारीला शहर या चार हुतात्म्यांना अभिवादन करते. त्या वेळी कोणीही 'जुनी खपली का काढता?' असे विचारीत नाही. त्या कृतीला 'स्मरण' म्हणतात आणि ते योग्यच आहे.

मग एका दुःखाचा उच्चार 'स्मरण' आणि दुसऱ्याचा उच्चार 'खपली काढणे' का ठरतो? काळाचे अंतर हे उत्तर नव्हे. कारण 1930 हे साल 'बलुतं'मधील बालपणाहून जुने आहे. दुःखाची तीव्रता हेही उत्तर नव्हे. उत्तर असे दिसते की, ज्या अन्यायाचा कर्ता आता आपल्यात नाही, त्याचा उच्चार स्मरण ठरतो. ज्या अन्यायाचा कर्ता किंवा लाभार्थी याच गावात, याच सभागृहात, कदाचित याच शिक्षकदालनात आहे, त्याचा उच्चार खपली ठरतो. इंग्रज निघून गेले. गावगाडा गेला नाही. म्हणून 'खपली' हा शब्द दुःखाच्या वयाविषयी फारसे काही सांगत नाही. तो ऐकणाऱ्याच्या अस्वस्थतेविषयी सांगतो.

धान्याची खपली

या शब्दाची दुसरी बाजू शेतात आहे. खपली गहू ही गव्हाची प्राचीन जात दक्षिण महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि गुजरातच्या काही भागांत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे. सोलापूर परिसरातील खीर, हुग्गी, शेवया आणि पुरणपोळी यांसाठी तिचा लौकिक आहे. शास्त्रीयदृष्ट्या या गव्हात 28 गुणसूत्रे असतात, तर नेहमीच्या पोळीच्या गव्हात 42. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा फरक वेगळा आहे. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपली मळली तरी दाणा मोकळा होत नाही. तो टरफलासकट सुटतो आणि एका टरफलात बहुधा दोन दाणे दडलेले असतात. दाणा मिळविण्यासाठी तो उखळात कांडावा लागतो. अलीकडे हे काम यंत्रावर होते. हे टरफल निरुपयोगी नसते. त्यामुळे साठवणीत कीड आणि ओल यांपासून दाण्याचे रक्षण होते आणि पेरणीही टरफलासकट करता येते.

हा शब्द सातासमुद्रापार गेल्याचीही नोंद आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी 1922 मध्ये खोडावरील तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी 12 गहू-वाणांचा संच निश्चित केला. त्यात 'खपली' याच नावाने हा गहू समाविष्ट होता. त्याची तांबेरा-प्रतिकारशक्ती पुढे ऑस्ट्रेलियातील वाणांतही संकराने उतरविली गेली. धारवाड येथील कृषी विद्यापीठाने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने या गव्हाचे सुधारित वाण विकसित केले आहेत. अर्थात रोगप्रतिकार हा जनुकांचा गुण आहे, टरफलाचा नव्हे. त्यामुळे रूपकाच्या सोयीसाठी या दोहोंचा संबंध जोडू नये.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, जखमेची खपली आणि धान्याची खपली यांचे तर्क परस्परविरुद्ध आहेत. जखमेची खपली आपोआप पडते. तिला हात लावू नये. धान्याची खपली आपोआप पडत नाही. तिला हात लावल्याशिवाय दाणा मिळत नाही. पहिलीखाली वेदना आहे, दुसरीखाली पोषण. पहिलीपुढे प्रेक्षकाने मान वळवायची असते, दुसरीपुढे बाह्या सरसावायच्या असतात.

आत्मकथन वाचताना यांपैकी कोणत्या खपलीचे रूपक अधिक उपयुक्त आहे? 'बलुतं'चा निवेदक दया पवार आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार यांच्यातील संवादाची रचना पाहिली, तर ही केवळ वेदनेची ओरड नव्हे, हे ध्यानात येते. शिकलेला माणूस आपल्याच भूतकाळावर श्रम करीत आहे; टरफल आणि दाणा वेगळे करीत आहे. 'अक्करमाशी'मध्ये जन्म, नाव, जात आणि वारसा या प्रत्येक गोष्टीवर प्रश्नांचे घाव घातले जातात. ते घाव स्वतःला जखमी करण्यासाठी नसून आतला अर्थ मोकळा करण्यासाठी आहेत. हे काम कष्टाचे, पुनरावृत्तीचे आणि चिकाटीचे असते. या पुस्तकांवर 'त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात' असा आक्षेप घेतला जातो. एका घावात दाणा मोकळा होत नाही, हे ज्याने कांडण केले आहे त्याला ठाऊक असते.

या पर्यायालाही मर्यादा आहेत, हे नोंदविले पाहिजे. धान्याचे रूपक वेदनेला फार लवकर 'फलदायी' ठरविण्याचा धोका पत्करते. प्रत्येक दुःखातून वाचकाला पोषण मिळालेच पाहिजे, अशी अपेक्षा करणे ही दुसऱ्या प्रकारची लूट ठरेल. कांडणारा उपाशी आणि खाणारा तिसराच, हा अनुभव बलुत्याच्या व्यवस्थेने भरपूर दिला आहे. म्हणून एका रूपकाच्या जागी दुसरे बसवून समीक्षेचे काम संपत नाही; प्रत्येक रूपकाला 'यात कर्ता कोण?' हा प्रश्न विचारीत राहणे हेच ते काम आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, 'खपली' हा आवरणवाचक शब्दांच्या कुलातील असला तरी जिवंत देहाशी आणि काळाशी बांधलेला आहे. त्यामुळे त्याचा लाक्षणिक वापर नेहमी 'जुने व भरत आलेले दुःख' असे गृहीत धरतो. दोन, 'खपली काढणे' या प्रयोगाच्या व्याकरणात जखम करणाऱ्याला स्थान नाही. दोषाचा भार उच्चार करणाऱ्यावर पडतो. तीन, आत्मकथनकारांनी शीर्षकांतून निवडलेली रूपके प्रामुख्याने व्यवहार, माप, स्थान आणि शिक्का यांची आहेत. समीक्षेने त्यांचे रूपांतर शरीराच्या दुखण्यात केले. चार, हा शब्द सर्व दुःखांना सारखा लावला जात नाही. ज्या अन्यायाचा हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही त्यालाच तो लावला जातो.

'खपली' हा शब्द समीक्षेतून हद्दपार करावा, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. शब्दांवर बंदी घालून विचार शुद्ध होत नाही. अपेक्षा एवढीच की, उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने 'या पुस्तकाने जखमेवरची खपली काढली' असे लिहिले, तर त्या वाक्याखाली केवळ बरोबरची खूण करून पुढे जाऊ नये. समासात दोन प्रश्न लिहावेत : जखम कोणी केली? आणि ती करणे थांबले आहे काय? वर्गातील ज्या विद्यार्थ्याच्या घरी ते अजून थांबलेले नाही, त्याला या दोन प्रश्नांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. इतरांना तो समजावून देणे हा साहित्याच्या अध्यापनाचा भाग आहे.